‘फिजिशियन असिस्टंट’ व्हायचे आहे? प्रवेशापूर्वी हे जाणून घ्या

बारावी सायन्सला टक्के बरे पडले, पण मेडिकलचा नंबर हुकला, की घरात चर्चा सुरू होते. अमेरिकेत स्थायिक झालेले मामू किंवा चाचा फोनवर सांगतात, “इकडे पीए नावाचा कोर्स आहे. दोन-सव्वादोन वर्षांत माणूस पेशंट तपासायला लागतो. पगारही उत्तम.” मग पालकांच्या मनात प्रश्न येतो, हा कोर्स खरा आहे काय? आपल्या मुलाला प्रवेश मिळेल काय?

कोर्स खरा आहे, पगारही खरा आहे. परंतु ‘दोन वर्षांत’ ही गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी माहीत नसली तर घरचा पैसा आणि मुलाची उमेदीची वर्षे दोन्ही वाया जाऊ शकतात. म्हणून प्रवेशाची सगळी वाट आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

हा पेशा नेमका काय?

फिजिशियन असिस्टंट म्हणजे कंपाउंडर नव्हे आणि नर्सही नव्हे. तो रुग्णाची हकीकत विचारतो, तपासणी करतो, निदान करतो, औषधे लिहून देतो आणि ऑपरेशनच्या वेळी सर्जनला साहाय्य करतो. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत त्याला औषधे लिहिण्याचा अधिकार आहे. डॉक्टरांशी त्याचे कामाचे नाते कसे असावे हे त्या त्या राज्याचा कायदा ठरवतो. तेथील सरकारी आकडेवारीनुसार २०२३ मध्ये या पेशातील मधला पगार वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार डॉलर होता.

या पेशाची सुरुवात १९६५ साली नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी केली. त्या काळी डॉक्टरांचा तुटवडा होता. दुसरीकडे नौदलात आजारी-जखमींची शुश्रूषा केलेले जवान नोकरी संपवून परत येत होते. त्यांच्या हातात अनुभव होता, पण बाहेर त्याला किंमत नव्हती. अशा चौघांना घेऊन वर्ग सुरू झाला आणि पहिली तुकडी १९६७ मध्ये बाहेर पडली. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, ‘आधी रुग्णसेवेचा अनुभव, मग प्रवेश’ ही रीत तेव्हापासून चालत आली आहे.

पात्रता कोणती लागते?

पहिली अट पदवीची. पीएचा कोर्स आता मास्टर्स दर्जाचा आहे. त्यामुळे बहुतेक ठिकाणी आधी चार वर्षांची बॅचलर पदवी लागते. पदवीचा विषय कोणताही चालतो, मात्र शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र असे ठरावीक विषय झालेले असावे लागतात. अनेक कॉलेजे हे विषय गेल्या पाच, सात किंवा दहा वर्षांतच झालेले असावेत असे म्हणतात.

दुसरी अट गुणांची. चारपैकी किमान तीन, अशी सरासरी अनेक ठिकाणी मागतात. ही किमान अट आहे. निवड होणाऱ्यांची सरासरी बहुधा याहून वर असते. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. समजा, रसायनशास्त्रात एकदा ‘सी’ मिळाला म्हणून तोच विषय पुन्हा घेऊन ‘ए’ मिळवला. कॉलेजने जुना गुण पुसला असला तरी पीएच्या सामायिक अर्जात दोन्ही धरले जातात. ‘सी’चे दोन आणि ‘ए’चे चार, सरासरी तीन. म्हणून पहिल्याच वेळी नीट अभ्यास करावा हे उत्तम.

तिसरी अट अनुभवाची. येथेच पुष्कळ अर्ज अडतात. अॅम्ब्युलन्सवरील तंत्रज्ञ, नर्सिंग सहायक, दवाखान्यातील मेडिकल असिस्टंट, रक्त काढणारा तंत्रज्ञ, अशा कामांत रुग्णाला प्रत्यक्ष हात लावून सेवा केल्याचे तास मोजतात. कुठे ५०० तास मागतात, कुठे १,०००, कुठे त्याहूनही जास्त. कॉलेज करता करता आठवड्याला २० तास काम केले तर १,००० तासांना ५० आठवडे, म्हणजे जवळजवळ वर्ष लागते. नुसते डॉक्टर किंवा पीएच्या मागे उभे राहून पाहणे यात धरत नाहीत. त्याचे तास वेगळ्या रकान्यात लिहावे लागतात.

अर्ज कसा करावा?

‘कॅस्पा’ नावाची सामायिक अर्जव्यवस्था आहे. एकच अर्ज भरून अनेक कॉलेजांना पाठवता येतो. प्रत्येक कॉलेजमागे फी मात्र वाढत जाते. नवे वर्ष साधारण एप्रिलच्या अखेरीस सुरू होते. बरीच कॉलेजे अर्ज येतील तसतसे मुलाखतीला बोलावतात आणि जागा भरत जातात. म्हणून शेवटच्या तारखेची वाट पाहणारा मागे पडतो.

अर्जासोबत गुणपत्रिका, शिफारसपत्रे आणि स्वतःविषयीचे निवेदन लागते. शिफारसपत्रे साधारण तीन द्यावीत आणि ती आपले काम पाहिलेल्या डॉक्टरांकडून, पीएकडून किंवा प्राध्यापकांकडून घ्यावीत. मोठे नाव असलेल्या परक्या डॉक्टरापेक्षा, वर्षभर आपले काम पाहिलेल्या साध्या डॉक्टराचे पत्र अधिक उपयोगी पडते.

निवेदनाला ५,००० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात मोकळ्या जागाही मोजतात. “मला लोकांची सेवा करायची आहे” एवढे सगळेच लिहितात. त्याऐवजी आपण कोणते काम केले, त्यातून काय शिकलो आणि डॉक्टर किंवा नर्स न होता पीएच का व्हायचे, याचे सरळ उत्तर लिहावे. हाच प्रश्न मुलाखतीतही हमखास विचारतात. “मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून” हे उत्तर तेथे चालत नाही.

प्रवेशानंतर

कोर्स सरासरी २७ महिन्यांचा असतो. पहिले वर्ष बहुतांशी वर्गात जाते, नंतरचा काळ मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार आणि तातडीच्या विभागांत पाळीपाळीने काम करण्यात जातो. अभ्यास इतका भरगच्च असतो की, सोबत नोकरी करता येईल असे कोणी धरून चालू नये. पुढे ३०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना. त्यानंतरही दर दोन वर्षांनी १०० तासांचे फेरशिक्षण करावे लागते.

आता हिशेब मांडू. चार वर्षे पदवी, अनुभवाला आणखी एखादे वर्ष आणि सव्वादोन वर्षे कोर्स, म्हणजे बारावीनंतर सव्वासात वर्षे. डॉक्टर व्हायला तेथे चार आणि चार आठ वर्षे, शिवाय किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे अकरा. वाट जवळची आहे, पण दोन वर्षांची नाही.

येथे सावध राहा

पहिली गोष्ट, भारतातून थेट अर्ज करणे फार कठीण आहे. अनेक कॉलेजे फक्त नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक यांनाच घेतात. परदेशी पदवीचे मूल्यमापन करून घेतल्यावरही ठरावीक विषय अमेरिकेतच पुन्हा करा, असे बऱ्याच ठिकाणी सांगतात. फी अनेक ठिकाणी लाख डॉलरच्या घरात जाते आणि परदेशी विद्यार्थ्याला तेथील केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज मिळत नाही. तेव्हा कुटुंबासह ग्रीनकार्डवर गेलेल्या मुलामुलींसाठी ही वाट खरोखर चांगली आहे. विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याने मात्र प्रत्येक कॉलेजचा नियम स्वतः वाचल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

दुसरी गोष्ट, एमबीबीएस, बीयूएमएस, बीएएमएस किंवा बीएचएमएस असलेल्यांना थेट पीएची परीक्षा देता येत नाही. तेथील मान्यताप्राप्त पीए कोर्स पूर्ण केलेल्यालाच परीक्षेला बसता येते. “डॉक्टर आहात, तुमचे काम सहा महिन्यांत करून देतो” असे म्हणणाऱ्या एजंटाला याच मुद्द्यावर लेखी उत्तर मागावे.

आपल्याकडील कोर्स

भारतातही पीएचे शिक्षण मिळते. १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांनी त्याची सुरुवात केली. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी असलेल्यांना येथे बी.एस्सी.ला प्रवेश मिळतो. साधारण तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असे त्याचे स्वरूप आहे. ऑपरेशन थिएटर, आयसीयू व वॉर्डात डॉक्टरांच्या हाताखाली काम मिळते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या पेशाचा समावेश आरोग्यसेवेतील मान्य पेशांच्या यादीत केला आहे.

मात्र ही पदवी घेऊन स्वतःचा दवाखाना टाकता येत नाही आणि अमेरिकेचा परवानाही मिळत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे काय, संस्थेचे स्वतःचे मोठे हॉस्पिटल आहे काय आणि मागच्या तुकडीतील मुले कुठे नोकरीला लागली, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऑफिसमध्ये न विचारता त्या मुलांनाच भेटून घ्यावे.

रुग्णसेवेची खरी आवड असणाऱ्या तरुण-तरुणींना या पेशात इज्जतही आहे आणि रोजीही आहे. जे अमेरिकेत आहेत त्यांनी पहिल्या वर्षापासूनच गुण आणि अनुभवाचे तास जमवायला लागावे. जे येथे आहेत त्यांनी येथील कोर्स येथील नोकरीसाठीच घ्यावा, परदेशाच्या आशेवर नव्हे. एवढे पाळले तरी पुष्कळ घरांचा पैसा आणि मुलांची वर्षे वाचतील.