तारेवरची चिवचिव

'बस' हा शब्द संगणकात कसा शिरला, असा प्रश्न भाषेच्या मास्तराला पडायचाच. मूळ लॅटिन शब्द 'ओम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी'. त्याचे नुसते शेपूट उरले. ते आधी रस्त्यावर धावू लागले आणि मग संगणकाच्या पोटात शिरले. अनेक उपकरणांची माहिती ज्या सामाईक वाटेने ये-जा करते, ती तिथली बस. घरोघरच्या 'यूएसबी'तला 'बी' तोच. ह्या योजनेत पुढाकार घेणारे इंटेलचे अजय भट्ट बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले.

पण ह्या बसला वेग एक नाही. १९९६ साली दोन होते. मंदगती, सेकंदाला १५ लाख बिटांची. आणि पूर्णगती, १ कोटी २० लाखांची. २००० साली ४८ कोटींची उच्चगती आली, आणि 'पूर्ण' म्हणवणारी गती बिचारी अपूर्ण ठरली! 'धाकटी' नाव ठेवावे आणि पाठीवर आणखी बहिणी व्हाव्यात, तशातली गत. २००८ साली तर ५०० कोटींची आली.

कोणते उपकरण कोणत्या गतीचे, हे संगणकाला कळते कसे? माझा पुतण्या ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हर म्हणजे उपकरण आणि संगणकाची कार्यप्रणाली ह्यांमधला दुभाष्या. मी विचारले, "घड्याळ लावून मोजता काय रे?"

"नाही काका. मोजायचं नाही, वाचायचं."

यूएसबीच्या जुन्या केबलीत माहितीच्या दोन तारा असतात. उपकरण दीड हजार ओहमच्या रोधाने त्यांतली एक वर ओढून धरते. 'उणे' तार ओढली तर मंदगती, 'अधिक' ओढली तर पूर्णगती. उच्चगतीचे उपकरण आधी पूर्णगतीचेच सोंग घेऊन येते. संगणकाने त्याला 'रीसेट' केले, की ते तारेवर एक विशिष्ट संकेत सोडते. इंग्रजीत त्याला चक्क 'चिवचिव' म्हणतात! पलीकडून उलटसुलट चिवचिव आली आणि उपकरणाने तिच्या निदान तीन जोड्या ओळखल्या, की दोघे उच्चगतीवर जातात. उत्तर आले नाही, तर तक्रार न करता पूर्णगतीवरच राहतात.

ड्रायव्हर ह्यात कान घालीत नाही. रीसेट झाल्यावर तो हबच्या नोंदीतल्या दोन खुणा पाहतो, एक मंदगतीची, एक उच्चगतीची. दोन्ही कोऱ्या असल्या तर पूर्णगती. हे आधी वाचावेच लागते, कारण पहिल्या बोलण्यात मंदगतीच्या उपकरणाला एका खेपेस ८ बाइटच झेपतात, उच्चगतीच्याला ६४.

ह्या विद्येचा उपयोग मला गेल्या वैशाखात कळला. एका विद्यार्थ्याच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. आजी अंथरुणाला खिळलेली. तिला त्या ऐकायच्या होत्या. नातू सहाच्या एस.टी.ने गावी निघालेला. ओव्या ८ जीबीच्या, आणि पडदा म्हणे पेनड्राइव्हवर उतरायला दीड तासाच्या वर लागेल! घड्याळात सव्वापाच झालेले. पोरगा काही बोलेना, नुसता पडद्याकडे पाही.

पुतण्याने लिनक्सची नोंदवही उघडली. तीत एक ओळ होती: हे उपकरण आपल्या कमाल गतीने चालत नाही, उच्चगतीच्या हबला जोडा. ही ओळ लिहिणाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला. ड्रायव्हर पूर्णगतीच्या नव्या उपकरणाला विचारतो, 'दुसऱ्या गतीने चालला असतास, तर कसा चालला असतास?' ज्याच्या अंगी उच्चगती आहे, ते तपशील सांगते; नसलेले नकार देते. आमच्या पेनड्राइव्हने तपशील सांगितला होता. म्हणजे चिवचिव केली होती. ओ देणारे कोणी नव्हते. मध्ये होता टेबलामागचा २००० सालापूर्वीचा हब. त्याला ती भाषाच ठाऊक नव्हती.

पुतण्याने पेनड्राइव्ह उपटून थेट संगणकात खोचला. नोंदवहीत 'उच्चगती' उमटली, आणि दहा-बारा मिनिटांत ओव्या उतरल्या. नातू धावतच स्टँडवर गेला.

चौथ्या दिवशी निरोप आला. आजीने सगळ्या ऐकल्या. एका ओवीत आपण भावाचे नाव चुकीचे घेतले आहे, मास्तरांनी ते दुरुस्त करून घ्यावे.