खानदेशातील नगरस्वच्छता
धुळे व जळगाव या शहरांत विसाव्या शतकाच्या प्रारंभी नगरपालिकांमार्फत चाललेले सार्वजनिक आरोग्याचे व सफाईचे कार्य. धुळे येथे १८६२ मध्ये व जळगाव येथे १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन धुळे हे पश्चिम, तर जळगाव हे पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण बनले. १९०१ च्या जनगणनेनुसार धुळ्याची लोकसंख्या २४,७२६ व जळगावची १६,२५९ होती.

जळगावला मेहरूण तलावाचे पाणी नळाने येई. धुळ्यात विहिरी, पांझरा नदी व पुढे डेडरगाव तलाव यांवर भिस्त होती. पाण्याची सोय झाली, तरी सांडपाण्याचा निचरा उघड्या गटारांवरच राहिला.

या व्यवस्थेची खरी कसोटी प्लेगने पाहिली. १८९६ मध्ये मुंबईत उद्‌भवलेली ही साथ रेल्वेमार्गांनी इलाखाभर पसरली. कापूस व धान्य यांच्या बाजारपेठांत उंदरांना आश्रय मिळे व रोगाला ते अनुकूल ठरे. १८९७ च्या साथरोग अधिनियमान्वये प्रवाशांची तपासणी, रुग्णांचे विलगीकरण व घरांचे निर्जंतुकीकरण हे उपाय सक्तीने योजण्यात आले. घरात शिरून होणाऱ्या तपासणीमुळे लोक रुग्ण लपवीत. सक्तीने रोगाला आडोसाच मिळाला, असे म्हणावे लागते. उंदरांवरील पिसवांमार्फत रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले. तथापि १९०५ नंतरच्या प्लेग-संशोधनाने ते सिद्ध होईपर्यंत भर भिंती धुण्यावरच होता. याउलट गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहण्याची लोकांची रीत अधिक परिणामकारक होती; कारण त्यामुळे उंदीर व पिसवा मागे राहत. वॉल्डेमार हाफकिन यांची लस १८९७ पासून उपलब्ध होती, पण तिच्याविषयी साशंकता दीर्घकाळ टिकली. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाने मात्र स्थलांतर व निर्जंतुकीकरण हे दोन्ही उपाय निष्प्रभ ठरविले.

दैनंदिन सफाईचा भार टोपलीच्या संडासांवर व ते साफ करणाऱ्या मेहतर स्त्रीपुरुषांवर होता. मैला डोक्यावरून गावाबाहेर नेऊन त्याचे सोनखत केले जाई व ते शेतकऱ्यांना विकले जाई. मैला वाहणाऱ्यांच्या वाट्याला मात्र अल्प वेतन, गावकुसाबाहेरची वस्ती व अस्पृश्यता येई. ज्यांच्यामुळे शहर रोगमुक्त राहावयाचे, त्यांच्याच वस्तीत नळ सर्वांत शेवटी पोहोचे. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने त्यांच्या स्थितीची पाहणी करून मैला डोक्यावरून वाहण्याची पद्धत बंद करण्याची शिफारस केली. त्यासंबंधी केंद्रीय अधिनियम १९९३ मध्ये व अधिक व्यापक अधिनियम २०१३ मध्ये झाला.