वस्ताद गेल्यावर तालमीत काय उरते?

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच कोल्हापुरात फुटबॉल हंगामाची बोलणी सुरू होतात. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या केएसएची, खेळाडू नोंदणी जवळ आली की पेठापेठांतल्या कट्ट्यांवर एकच विषय असतो : यंदा कोण कुठे जाणार? पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, संध्यामठ ही नावे नुसती संघांची नाहीत, ती माणसांची ओळख आहेत. त्यामुळे खेळाडूने तालीम बदलली तर चुटपुट लागते, पण प्रशिक्षक समोरच्या तालमीत जाणार अशी कुणकुण लागली तर ती फितुरी वाटते. या भावनेमागे खोटे काही नाही. पेठेवर जीव असल्याशिवाय असे वाईट वाटत नाही. पण या चर्चेत आपण चुकीचा प्रश्न विचारतो, असे माझे ठाम मत आहे. ‘तो जाणार का?’ याचे उत्तर आज ना उद्या होकारार्थीच असते. त्याने शिकवलेले तालमीत किती मुरले आहे, हे मात्र कोणी विचारत नाही, आणि संघाचे पुढचे चार हंगाम त्यावरच ठरतात.

कोल्हापूरला हे नव्याने सांगावे लागू नये, कारण इथले फुटबॉल तालमीच्या अंगणात वाढले आहे आणि तालमीला माणसांची ये-जा जुनीच आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने इथे कुस्ती बहरली, खासबाग मैदान उभे राहिले आणि बाहेरगावचे मल्ल कोल्हापूरची वाट धरू लागले. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे मूळचे एकसंब्याचे, त्यांच्यानंतरचे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. पुढे आंदळकर मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले आणि कोल्हापूरचेच होऊन गेले. याची उलटी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. लातूरकडच्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार गंगावेश तालमीत घडले, हिंदकेसरी झाले, आणि वस्ताद म्हणून उभे राहिले ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत. काका पवार, राहुल आवारे हे त्यांचे शिष्य. गंगावेशीच्या मातीत कमावलेले ज्ञान पुण्याला गेले, म्हणून गंगावेश ओस पडली का? तिथे जुने मल्ल नव्यांना जोर-बैठकांपासून डावापर्यंत सगळे हातोहात देत राहिले. वस्ताद मोठा होताच, पण विद्या एकट्या वस्तादाच्या डोक्यात अडकलेली नव्हती.

फुटबॉलमध्ये ही गोष्ट पडताळून पाहायची तर शेजारच्या गोव्याकडे पाहावे. प्रशिक्षक जाण्याचे दुःख देशाच्या व्यावसायिक साखळीत खेळणाऱ्या एफसी गोवाच्या चाहत्यांइतके भारतात क्वचितच कोणी भोगले असेल. सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाने २०१७ पासून या संघाला देखणा, आक्रमक खेळ दिला, २०१९ मध्ये सुपर कप जिंकून दिला. २०२० च्या जानेवारीअखेर, साखळीचे तीनच सामने उरले असताना, क्लबने त्याला दूर केले. काही महिन्यांत तो मुंबई सिटीत दाखल झाला आणि त्याच्यासाठी खेळलेले मुर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बूमू आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हेही मुंबईकडे गेले. त्या हंगामात मुंबईने उपांत्य फेरीत गोव्यालाच पेनल्टीवर हरवले, साखळीत अव्वल ठरल्याची ढाल आणि विजेतेपद दोन्ही जिंकले. करोनामुळे सगळे सामने गोव्यात होते, त्यामुळे लोबेराने चषक उचलला तो फातोर्ड्यात. जखम भरायच्या आत दुसरा घाव बसला. लोबेरानंतर आलेला हुआन फेरांडो २०२१ च्या डिसेंबरात, ऐन हंगामात, करारातल्या तरतुदीनुसार रक्कम भरून मोहन बागानकडे गेला. मार्च २०२३ मध्ये त्यानेही बागानला विजेतेपद मिळवून दिले, आणि तो अंतिम सामनासुद्धा फातोर्ड्यातच झाला. गोव्याने गमावलेले दोन प्रशिक्षक गोव्याच्याच मैदानावर दुसऱ्यांसाठी विजेते ठरले. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही या कहाणीतला मधला भाग लोक विसरतात. लोबेरा गेल्यावर गोव्याने सूत्रे दिली क्लिफर्ड मिरांडाकडे. तो गोव्याचा, भारताकडून खेळलेला आणि त्याच क्लबच्या प्रशिक्षकवर्गात काम केलेला. उरलेल्या सामन्यांत संघ डगमगला नाही. जमशेदपूरला पाच गोलांनी हरवून त्याने साखळीची ढाल जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळवणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला. मोठा प्रशिक्षक गेला आणि क्लबच्या इतिहासातला मोठा मान त्यानंतर तीन आठवड्यांत आला. लोबेराने बांधलेला संघ होता म्हणून हे झाले, असे कोणी म्हणेल. म्हणणे खरे आहे, आणि माझ्या मुद्द्याला ते बळच देते. बांधलेले टिकले, कारण ते पुढे चालवणारा माणूस घरात तयार होता.

मुंबई सिटीचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. लोबेरानंतर आलेल्या डेस बकिंगहॅमने २०२२-२३ मध्ये संघाला सलग १८ साखळी सामने अपराजित ठेवून ढाल मिळवून दिली. त्याआधी २०२२ च्या एप्रिलमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब हा मानही त्याच्याच हाताखाली मुंबईला मिळाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये, हंगाम रंगात आला असताना, त्याच्या जन्मगावच्या ऑक्सफर्ड युनायटेडचे बोलावणे आले आणि तो गेला. गावचा क्लब बोलावतो तेव्हा जाणाऱ्याला दोष कसा द्यायचा, हे ठरवणे पेठेवर प्रेम करणाऱ्या कोल्हापूरकराला तरी अवघड जावे. त्याच्या जागी पेत्र क्रात्की आला, आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या भरगच्च मैदानावर, मुंबईने मोहन बागानला ३-१ ने हरवून चषक जिंकला. दोघेही मुंबईत येण्यापूर्वी मेलबर्न सिटी या भगिनी क्लबमध्ये सहायक प्रशिक्षक होते. एकाच समूहाच्या मुशीत दोघे तयार झालेले, त्यामुळे सरावाची पद्धत आणि खेळाची भाषा बदलली नाही. चाहते ‘जाणार का’ म्हणून वाद घालत होते तेव्हा क्लबने ‘गेला तर कोण’ याचा विचार आधीच करून ठेवलेला असावा, असे दिसते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप गोव्यातूनच येईल. फेरांडो गेला त्या हंगामात गोवा नवव्या क्रमांकावर फेकला गेला, ही वस्तुस्थिती आहे. पण तो जाण्यापूर्वीच संघाने हंगामातले पहिले तीन सामने गमावले होते. घसरण त्याच्या निरोपाबरोबर सुरू झाली नव्हती. हैदराबादचे उदाहरण यापेक्षा वजनदार वाटेल. मानोलो मार्केझच्या हाताखाली हैदराबादने मार्च २०२२ मध्ये विजेतेपद मिळवले. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. मार्केझ २०२३ मध्ये गोव्याला गेला आणि पुढच्या हंगामात हैदराबाद तळाला, अख्ख्या साखळीत एक विजय. वरवर पाहता प्रशिक्षक गेला म्हणून संघ बुडाला. प्रत्यक्षात क्लबची तिजोरी रिकामी झाली होती, खेळाडूंचे पगार थकले होते आणि परदेशी खेळाडू निघून गेले होते. अशा घरात मार्केझ राहिला असता तरी त्याने काय केले असते? प्रशिक्षकाचे जाणे अनेकदा आजाराचे कारण नसते, ते आजाराचे पहिले लक्षण असते. चाहत्यांनी तेव्हा माणसाच्या नावाने बोटे मोडण्यापेक्षा क्लबच्या हिशेबाची चौकशी करावी.

दुसरा आक्षेप मला अधिक मान्य आहे : जाण्याची नुसती चर्चासुद्धा संघाला पोखरते. ॲलेक्स फर्ग्युसन यांनी २००१-०२ च्या हंगामाअखेर निवृत्त होणार असे आधीच जाहीर केले. संघाची पकड सैल झाली, त्यांनी फेब्रुवारीत निर्णय फिरवला, तरी मँचेस्टर युनायटेड तिसरा आला. जानेवारी २०२४ मध्ये युर्गन क्लॉप यांनी लिव्हरपूल सोडणार असल्याचे सांगितले तेव्हा संघ अव्वल होता. शेवटी तोही तिसरा. याउलट त्याच वर्षी मार्चअखेर, लिव्हरपूल आणि बायर्न डोळे लावून बसलेले असताना, लेवरकुसेनच्या शाबी अलोन्सो यांनी ‘मी इथेच आहे’ असे जाहीर केले आणि पंधरवड्यात संघ जर्मनीचा विजेता ठरला. वर्षभराने तेही रेआल माद्रिदला गेलेच. यातून मी एवढेच काढतो की अनिश्चितता लांबवू नये. जायचे ते हंगाम संपल्यावर, राहायचे ते हंगामभर, आणि दोन्ही गोष्टी नोंदणीपूर्वी लेखी झालेल्या असाव्यात. आपल्याकडे खेळाडूंची नोंद होते तशी प्रशिक्षकाबरोबरही हंगामापुरता लेखी करार करायला तालमींना कोणी अडवलेले नाही. तोंडी शब्दावर चाललेला कारभार अफवांना आयते कोलीत देतो.

जाता जाता प्रशिक्षक बदलण्याच्या उतावळेपणाविषयी. नेदरलँड्‌सच्या फुटबॉलमधील १९८६ ते २००४ या काळातल्या हकालपट्ट्यांचा अभ्यास अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी केला. प्रशिक्षक काढल्यावर संघ सावरतो खरा, पण तितक्याच वाईट फॉर्मात असूनही प्रशिक्षक कायम ठेवणारे संघही तितकेच सावरतात, असे त्यांना आढळले. दोन पराभवांनंतर छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून ‘कोच बदला’ म्हणून ओरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तीच मंडळी पुढे कोच दुसऱ्या तालमीत गेला की त्याला फितूर म्हणतात, आणि हे न्यायाचे नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत कोल्हापुरी आहे. हे सगळे पगारी क्लबांचे झाले, आपल्याकडे तालमीची इभ्रत आहे, पैशांचा खेळ नाही, मग निष्ठेची अपेक्षा का करू नये? अपेक्षा जरूर करावी, पण ती दोन्ही बाजूंनी असावी. प्रशिक्षक बहुधा तालमीचाच जुना खेळाडू असतो, नोकरी-धंदा सांभाळून पहाटे मैदानावर उभा राहतो. त्याच्या कष्टाचे मानधन, त्याच्या शिक्षणाचा खर्च आणि पराभवाच्या दिवशी त्याच्या पाठीशी उभे राहणे, हे तालमीने केले असेल तरच निष्ठेचा हिशेब मांडता येतो. शिवाय तालमीकडे असे एक बळ आहे, जे महाराष्ट्रातल्या पैसेवाल्या क्लबांकडे नव्हते. २००५-०६ मध्ये डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय साखळी जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजीयन्स गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. पुढे ते हैदराबादही २०२५ मध्ये दिल्लीला हलले. तिथे क्लबच नाहीसे झाले. पाटाकडील किंवा खंडोबा उद्या उठून दुसऱ्या शहरात जाणार नाही. ज्या संस्थेला जागेवरून हलण्याची भीती नाही, तिने एका माणसाच्या जाण्याला इतके घाबरू नये.

पण हे बळ वापरायचे तर तालमीला स्वतःचे क्लिफर्ड मिरांडा तयार करावे लागतील. गोव्याने दूरदृष्टीने सांभाळलेल्या या माणसाने पुढे ओडिशाला २०२३ चा सुपर कप जिंकून दिला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघामार्फत मिळणाऱ्या परवान्यांची चढती शिडी सर्वांना खुली आहे : डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डी परवान्याची पायरी काही दिवसांच्या अभ्यासक्रमाची असते आणि तिचा खर्च एखाद्या डिजिटल फलकाच्या, मिरवणुकीतल्या एका ध्वनियंत्रणेच्या खर्चापुढे जड वाटू नये. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत घडायला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. इथे गुणी पोरे आहेत हे त्याने देशाला दाखवले, त्यांना लहानपणापासून घडवणारे शिकलेले प्रशिक्षक मात्र पेठेपेठेत हवे आहेत.

म्हणून यंदा नोंदणीच्या आधी तालमीची बैठक भरेल, तेव्हा समर्थकांनी कारभाऱ्यांना एवढे तरी विचारावे : आपल्या जुन्या खेळाडूंपैकी डी परवान्याला या वर्षी कोणाला पाठवताय, मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारी सहायक म्हणून कोण उभा राहणार, आणि चौदा वर्षांखालच्या पोरांचा सराव कोणाच्या हाती आहे? ही तीन नावे मिळेपर्यंत बैठकीतून उठू नका.