मासळी बाजार हलवणं एवढं अवघड का असतं? क्रॉफर्ड मार्केट ते टोकियो, समजून घ्या

अवसरी बुद्रुक : कोथिंबीर, मेथी, टोमॅटो घेऊन वाशीला जाणारी गाडी आपल्या भागाला नवीन नाही. पण आज ज्या वाशीला माल जातो, तो घाऊक बाजार पूर्वी मुंबई शहरातच होता. क्रॉफर्ड मार्केटमधला फळांचा घाऊक बाजार १९९६ मध्ये नवी मुंबईत गेला. सुरुवातीची कुरकुर झाली, पण बाजार तिथे रुजला. मग त्याच क्रॉफर्ड मार्केट परिसरातला मासळी बाजार हलवायचं म्हटलं की कोळी महिला रस्त्यावर का उतरतात? फळं गेली, तर मासे का जाऊ शकत नाहीत?

हा बाजार नेमका कुठे आहे?

क्रॉफर्ड मार्केटची दगडी इमारत १८६९ मध्ये उभी राहिली. मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचं नाव तिला मिळालं. प्रवेशद्वारावरची शिल्पं आणि आतलं कारंजं जॉन लॉकवूड किपलिंग यांच्या कल्पनेतलं. 'जंगल बुक'चे लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे ते वडील. आज या इमारतीचं अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे.

मासळीचा वाद मात्र या वारसा इमारतीचा नाही, तर जवळच पलटण रोडवर असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज मंडईचा आहे. मुंबईच्या घाऊक मासळी व्यवहाराचं हे मोठं केंद्र.

वाद काय आहे?

मंडईची इमारत धोकादायक ठरल्यानंतर २०२१ मध्ये विक्रेत्यांना ऐरोलीकडे हलवण्याचा विषय पुढे आला. कोळी महिलांनी मोर्चा काढून विरोध केला. 'दुरुस्ती करा, नवी इमारत बांधा, पण आमची जागा इथेच ठेवा,' अशी त्यांची मागणी होती. २०२४ मध्ये महापालिकेने मंडईचा भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची प्रक्रिया सुरू केली आणि वाद पुन्हा पेटला.

धोकादायक इमारतीत माणसं बसवता येत नाहीत, हे महापालिकेचं म्हणणं चुकीचं नाही. प्रश्न आहे तो पर्यायी जागेचा.

ऐरोली नको, असं का?

मासळीचा दिवस बंदरावर सुरू होतो. ससून डॉक १८७५ मध्ये सुरू झाला. कुलाब्यातला हा धक्का आणि माझगावचा भाऊचा धक्का, या दोन ठिकाणी बोटी लागतात. भल्या पहाटे लिलाव होतात. बर्फ, टोपल्या, हमाल, हातगाड्या अशी सगळी धावपळ उजाडायच्या आत. तिथून क्रॉफर्ड मार्केट चार-पाच किलोमीटरवर.

पुढचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. घाऊक बाजारातून माल घेणारी बहुतेक गिऱ्हाइकं ट्रकवाली नसतात. एखादी मावशी पापलेट, बांगडा, बोंबील, कोळंबी असं थोडं थोडं घेते, टोपलीत बर्फ घालते आणि सीएसएमटीवरून लोकलच्या मालडब्यात चढते. स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथून मध्य आणि हार्बर, दोन्ही मार्गांच्या गाड्या सुटतात. सकाळी ती आपल्या गल्लीतल्या बाजारात किंवा दारोदार विकायला पोहोचते.

आता हाच हिशेब ऐरोलीचा करा. मासळी दक्षिण मुंबईतल्या धक्क्यावर उतरणार, खाडीपलीकडे जाणार आणि तिथून विकायला पुन्हा मुंबईतच येणार. येताना ठाण्याला गाडी बदलायची, डोक्यावर ओली टोपली. टेम्पो केला तर भाड्यातच दिवसाचा नफा जातो. शिवाय वेळ हाताबाहेर जातो. मासा बर्फात असला तरी प्रत्येक तासाला त्याचा भाव उतरतो. सकाळचं गिऱ्हाईक हुकलं की संध्याकाळी पडेल त्या दराने विकावं लागतं.

मग फळबाजार कसा गेला?

फरक इथेच आहे. फळं ट्रकने येतात आणि बहुतांश टेम्पोनेच जातात. घाटावरून, कोकणातून येणाऱ्या गाड्यांना वाशी उलट सोयीची. शहरातली कोंडी टळते. मासळीचं उलटं आहे. माल शहराच्या टोकाशी उतरतो आणि खरेदीदार पायी किंवा लोकलने येतो. म्हणून फळांचं गणित मासळीला जसंच्या तसं लावता येत नाही.

टोकियोने काय केलं?

जगप्रसिद्ध त्सुकिजी मासळी बाजार १९३५ मध्ये सुरू झाला होता. तो नोव्हेंबर २०१६ मध्ये तोयोसूला हलवायचं ठरलं. पण नवी जागा जुन्या गॅस कारखान्याची, जमिनीत बेंझिनसारखी विषारी द्रव्यं. गव्हर्नर युरिको कोइके यांनी स्थलांतर लांबणीवर टाकलं. पुढे आणखी कामं करून ६ ऑक्टोबर २०१८ रोजी जुना बाजार बंद झाला आणि ११ ऑक्टोबरला नवा उघडला.

दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. नवी जागा जुन्यापासून दोन-अडीच किलोमीटरवरच होती, म्हणजे खरेदीदारांची वाट फारशी बदलली नाही. आणि घाऊक बाजार गेला तरी भोवतालची किरकोळ दुकानं, खानावळी त्सुकिजीतच राहिल्या. तरीही जुने व्यापारी नाराज होतेच.

आपल्याला याचं काय?

मासळीचं सोडा, उद्या मंचर किंवा नारायणगावचा बाजार हलवायचा विषय निघाला तरी पहिला प्रश्न हाच असेल. नव्या जागेत गाळे किती, शेड केवढी, हे नकाशावर दिसतं. पण मेथीच्या चार जुड्या विकत घेऊन गावात विकणारी बाई तिथे कशी पोहोचणार, हे नकाशावर दिसत नाही. मोठा व्यापारी गाडी लांब नेऊ शकतो. छोटा विक्रेता मात्र धंद्यातून गळतो, आणि त्याची नोंदही कुठे होत नाही.

म्हणून बाजार हलवताना गाळ्यांच्या आधी खरेदीदाराची वाट मोजायला हवी: पहाटे पहिली गाडी किती वाजता, स्टेशन किती लांब, टोपलीचं भाडं किती. कोळी महिलांचं भांडण जागेचं दिसत असलं, तरी मुळात ते या तीन प्रश्नांचं आहे.