त्या दिवशी रंग कोणता होता?

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये एम-२२ लोकस्ट नावाचा एक अमेरिकी रणगाडा आहे. आजूबाजूला चर्चिल, सेंच्युरियन, पॅटन असे धिप्पाड गडी उभे असल्यामुळे पाहणाऱ्याची नजर त्याच्यावर फारशी ठरत नाही. वजन जेमतेम साडेसात टन, लांबी चार मीटरला थोडी कमी, तोफ ३७ मिलिमीटरची आणि आत तिघांपुरती जागा. चिलखत इतकं पातळ की मोठ्या रणगाड्यासमोर त्याचा निभाव लागणं कठीणच. तरीही विमानांची छोटी मॉडेल्स करणारा माणूस नगरला आला, तर त्यानं आधी इथं थांबावं. हा रणगाडा विमानातून नेता यावा म्हणूनच बनवला होता.

अमेरिकेनं तो बनवला, पण लढाईत नेला ब्रिटिशांनी, तोही ग्लायडरमधून. हॅमिलकार हे त्या ग्लायडरचं नाव. पंखांची लांबी ११० फूट, सांगाडा लाकडी, इंजिन नाही. हॅलिफॅक्स बॉम्बर त्याला दोराने ओढत न्यायचं. जमिनीवर टेकण्याआधीच आतल्या रणगाड्याचं इंजिन सुरू केलेलं असे. रणगाडा पुढे सरकला की त्या सरकण्यानेच ग्लायडरच्या नाकाचा अडसर निघायचा, नाक बाजूला उघडायचं आणि रणगाडा बाहेर पडायचा. २४ मार्च १९४५ रोजी ऱ्हाईन नदीपलीकडच्या हल्ल्यात असे आठ लोकस्ट निघाले. एकाचं ग्लायडर हवेतच मोडलं आणि ठरलेल्या जागी निम्मेच पोहोचले. लोकस्टचा लढाईचा इतिहास जवळजवळ एवढाच.

आता हेच १:७२ या प्रमाणात मांडून बघा. हॅमिलकारचे पंख साडेसेहेचाळीस सेंटिमीटर होतात, म्हणजे घरातल्या शोकेसचा एक कप्पा पूर्ण अडतो. लोकस्ट मात्र साडेपाच सेंटिमीटरचा, तळहातावर मावणारा. ही जोडी करायला बसलेल्या छंदी माणसाकडे इंग्रजी पुस्तकं असतात, नकाशे असतात, महाजालावरची छायाचित्रं असतात. बुरुजाच्या मागच्या बाजूला नेमकं काय आहे, हे नगरकराला मात्र रिक्षाने जाऊन पाहता येतं. जगात शिल्लक राहिलेले लोकस्ट मोजकेच आहेत, त्यातला एक आपल्या जिल्ह्यात आहे, आणि आपण तिथं शाळेची सहल नेतो आणि पॅटनसमोर सेल्फी काढून परत येतो.

हे संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालं. ज्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते उभं केलं, ती संस्था १९४८ पासून नगरमध्ये आहे, आणि चिलखती दलाचं प्रशिक्षण तर इथं १९२० च्या दशकापासूनच चालू होतं. पन्नासेक वाहनं आहेत. रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी, ब्रिटिश मटिल्डा आणि व्हॅलेंटाइन, जपानी हा-गो आणि ची-हा, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतले पाकिस्तानचे अमेरिकी बनावटीचे रणगाडे. ८८ मिलिमीटरची जर्मन तोफही आहे. ती मुळात विमानं पाडण्यासाठी बनवलेली. वाळवंटात तिची नळी आडवी करून रणगाड्यांवर चालवली, तेव्हा ब्रिटिशांना तिची खरी दहशत बसली. विमानप्रेमी आणि रणगाडाप्रेमी यांचं भांडण मिटवायला ही एक तोफ पुरेशी आहे.

या छंदातली प्रमाणं कुठून आली, हेही गमतीचं आहे. १:७२ म्हणजे सहा फुटांचा एक इंच. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात लाकडी विमानांच्या संचांनी ते रूढ केलं, १९३६ मध्ये फ्रॉग कंपनीने त्याच मापात प्लॅस्टिकचे संच काढले आणि १९५३ मध्ये एअरफिक्सची स्पिटफायर बाजारात आल्यावर ते घरोघरी गेलं. मध्ये युद्ध होतं. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून विमानांची पाच लाख लाकडी मॉडेल्स मागवली. त्यांना काळा रंग द्यायचा होता, कारण ती शोभेसाठी नव्हतीच. आकाशातली काळी आकृती पाहून विमान आपलं की शत्रूचं, हे तोफचीला क्षणात ओळखता यावं, एवढाच हेतू. ३५ फुटांवरून पाहिलेलं १:७२ चं मॉडेल म्हणजे जवळजवळ अर्ध्या मैलावरचं खरं विमान. गुणाकार करून पाहा. रणगाड्यांचं १:३५ हे माप मात्र कुठल्याही गणितातून आलेलं नाही. शिझुओका गावच्या तामिया या लाकूड कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचा संच काढला, तेव्हा आत विजेरीचे सेल आणि मोटर बसायला हवी होती. ती बसेल एवढा सांगाडा केला आणि नंतर मोजलं तर ते साधारण पस्तिसावा हिस्सा भरलं. आज जगभरचे कारखाने त्याच मापाने साचे पाडतात.

महाराष्ट्रात लहान प्रतिकृतींचं नाव काढलं की लोकांना पुण्याच्या कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आठवतं. ते योग्यच आहे, तिथल्या गाड्या १:८७ मापाच्या आहेत आणि त्या धावतात. एनसीसीच्या वायुदल शाखेतल्या मुलांना एरोमॉडेलिंग माहीत असतं, तेही उडणाऱ्या विमानांचं. जागच्या जागी उभं राहणारं, रंगवण्यासाठीच केलेलं मॉडेल आपल्याकडे खेळण्यात जमा होतं. ‘उडतं का?’ हा पहिला प्रश्न. ‘नाही’ म्हटलं की विचारणाऱ्याचा रस संपतो.

खरं काम तिथून पुढे सुरू होतं. चौकटीला चिकटलेले भाग बारीक कटरने सोडवायचे, आधी सुके जोडून बघायचे, मग चिकटवायचे. पॉलिस्टायरीनचा गोंद हा वास्तविक गोंद नसतो. तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो, त्यामुळे चूक झाली तर सुटका नाही. सांध्यात फट राहिली तर लुकण भरायचं, पाण्याचा पॉलिश पेपर घासायचा, अस्तराचा एक हात द्यायचा आणि अस्तरानंतर ती फट पुन्हा दिसली की परत लुकण. एअरब्रश हाती आला की नव्याला वाटतं, आता जिंकलं. रंग मात्र फार पातळ द्यावा लागतो. रंगाचा थर दशांश एक मिलिमीटर जाड झाला तर १:७२ च्या हिशेबात विमानावर सात मिलिमीटरचा गिलावा चढला. ब्रशचे जाड हात देऊन पत्र्याच्या सगळ्या रेषा बुजवलेलं विमान दुरूनही कळतं.

यात नगरच्या हवेचा फायदा आहे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकरचा फवारा मारला तर हवेतला ओलावा धरून रंग पांढरा पडतो. पर्जन्यछायेतल्या नगरमध्ये वर्षातले बहुतेक दिवस हा त्रास नाही. धूळ आहे. तिच्यावर उपाय म्हणजे फरशी ओल्या फडक्याने पुसून, पंखा बंद करून, अर्धा तास थांबून मग रंगाला बसणं. या बाबतीत महाजालावरच्या चित्रफितींपेक्षा एमआयडीसीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला विचारावं, असं माझं मत आहे. थिनर किती, दाब किती, हात किती अंतरावर, हे त्याला बोटांनी कळलेलं असतं.

आकडे लावायचे डेकल हा वेगळाच अध्याय. मॅट रंगावर डेकल बसवलं की खाली हवा अडकते आणि पारदर्शक कड चांदीसारखी चमकते. म्हणून आधी चकचकीत वॉर्निश, मग डेकल, मग वरून मॅट. हा क्रम पाळला नाही तर महिन्याभराचं काम पाच मिनिटांत जातं.

इतकं सगळं साधलं तरी मुख्य प्रश्न उरतोच. रंग कोणता? ‘हिरवा’ हे उत्तर नव्हे. अमेरिकेच्या फेडरल स्टँडर्ड ५९५ मध्ये प्रत्येक छटेला पाच आकडी क्रमांक आहे. पहिला आकडा चकाकी सांगतो, दुसरा रंगाचं कूळ. ब्रिटिशांचं बीएस ३८१ सी आहे, आपलं आयएस ५ आहे. पण तक्ता सांगतो तो डब्यातला रंग. उन्हात दोन उन्हाळे काढल्यावर, घाईत थिनर जास्त ओतल्यावर, तळावर मिळेल त्या ब्रशने मारल्यावर तो रंग काय झाला, हे तक्त्यात नसतं. शिवाय लांबून पाहिलेला रंग हवेमुळे फिका भासतो, म्हणून मॉडेलवर तो थोडा उजळ करायचा की नाही, यावर छंदी लोकांची पन्नास वर्षं भांडणं चालली आहेत. मी उजळ करणाऱ्यांच्या बाजूचा.

भारतीय विमानांच्या बाबतीत हा प्रश्न फार अवघड होतो. दुसऱ्या महायुद्धातलं उदाहरण त्यातल्या त्यात सोपं आहे. १९४२ नंतर पूर्वेच्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या वर्तुळातला लाल ठिपका काढून टाकला, कारण जपानी विमानांवरचा लाल सूर्य आणि हा ठिपका यांत गफलत होत होती. त्यामुळे १९४४ मध्ये इंफाळला अर्जन सिंग यांच्या १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधलं हरिकेन कुणी लाल ठिपक्यासह रंगवलं, तर ते चूक, वाद नाही. १९७१ मात्र असं सरळ नाही. मिग-२१ एफएल विमानं आली तेव्हा उघड्या धातूची, चंदेरी होती. युद्धाच्या तोंडावर अनेक विमानांवर तळावरच हिरवे-तपकिरी पट्टे मारले गेले आणि प्रत्येक स्क्वाड्रनची तऱ्हा निराळी. कुठलं विमान, कुठला तळ, कुठला आठवडा, हे माहीत असल्याशिवाय ब्रश उचलता येत नाही. आणि छायाचित्रं? आहेत ती थोडी, बहुतेक कृष्णधवल. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिग-२१ तयार झाली, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये हे विमान वायुदलातून निवृत्तही झालं, आणि तरी त्याच्या रंगांचा नीट वर्षवार आलेख मराठीत शोधू गेलो तर हात रिकामे राहतात. नॅटचं दुखणं वेगळं. एअरफिक्सचा प्रसिद्ध संच ब्रिटिशांच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचा आहे. आपलं नॅट एकआसनी लढाऊ. डबा त्या दोन आसनी विमानाचा घ्यायचा आणि पुढचा भाग कापून नवा घडवायचा, एवढी तयारी हवी. पूर्ण झालेलं नॅट १:७२ मध्ये बारा सेंटिमीटर लांब होतं.

संग्रहालय इथं मदत करतं, पण सावधपणे घ्यायची मदत. उघड्यावर ठेवलेल्या वाहनांना गंजू नये म्हणून वेळोवेळी रंग द्यावाच लागतो. म्हणजे आज दिसतो तो शेवटच्या देखभालीचा रंग, लढाईचा नव्हे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मले, पूना हॉर्समध्ये गेले आणि १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले. त्यांचा ‘फामागुस्टा’ हा सेंच्युरियन दुरुस्त करून नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केला आहे. त्याच्यापुढे हात जोडावेत. रंगाचा नमुना म्हणून मात्र त्याच्याकडे पाहू नये.

रंग खोटं बोलला तरी लोखंड खोटं बोलत नाही. नगरला जाऊन पाहायचं ते हे. मटिल्डाचं चिलखत ओतीव, म्हणून पृष्ठभाग किंचित खडबडीत. व्हॅलेंटाइनचे पत्रे रिव्हेट आणि बोल्टने जोडलेले. सेंच्युरियनच्या सांगाड्यावर वेल्डिंगची जाड शिवण. संचातलं प्लॅस्टिक सगळीकडे सारखंच गुळगुळीत असतं, हा फरक करणाऱ्यानेच आणायचा असतो. आणि रंग कुठं उडतो? जिथं बूट घासतो, जिथं झाकणाला हात लागतो. आजकाल परदेशी पद्धत बघून आपली मुलं प्रत्येक कडेला गंज काढतात, अगदी विमानाच्या पंखांनासुद्धा. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा, तो तांबूस गंजत नाही. हे एकदा सांगितलं पाहिजे होतं, सांगितलं. संग्रहालय छावणीच्या भागात आहे, तेव्हा मोजपट्टी काढण्याआधी तिथल्या जवानाला विचारून घ्यावं.

नगर म्हणजे फक्त रणगाडेच असंही नाही. इथल्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने इतर दोन संस्थांबरोबर ‘निशांत’ या चालकरहित विमानासाठी व्हँकेल जातीचं इंजिन विकसित केलं आणि २००९ मध्ये ते कोलारजवळ उडालं. निशांतला चाकं नव्हती. ट्रकवरून ते फेकलं जायचं आणि पॅराशूटने उतरायचं. पंख साडेसहा मीटर, पंखा मागच्या बाजूला, शेपटीला दोन दांडे. १:७२ मध्ये नऊ सेंटिमीटरचं हे विमान प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून कुणाही चिकाटीच्या विद्यार्थ्याला घडवता येईल. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी मांडण्यापेक्षा नगरच्या शाळेत हे शोभेल.

शेवटी एक विनंती. नगर जिल्ह्यात गावोगावी अशी घरं आहेत जिथं आजोबा किंवा चुलते फौजेत होते. पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या मागे, लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचे फोटो आहेत. त्यांतल्या काहींत मागे एखादा रणगाडा, ट्रक किंवा विमान आहे. घर बांधताना, वाटण्या होताना हे फोटो रद्दीत जातात. ते स्कॅन करून ठेवा, रंगीत असतील तर आधी ते, कारण रंगीत छपाई लवकर उडते. मूळ फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने साल, ठिकाण, पलटण आणि माणसांची नावं लिहा. आजोबा हयात असतील तर त्यांना एकच जास्तीचा प्रश्न विचारा, की गाडीचा रंग कोणता होता आणि तो कुणी, कशाने मारला होता. फोटोत यंत्र अर्धंच आलं असेल, तरी तो टाकू नका.