टाकीवर ऑस्ट्रिया, इंजिनात चाकण

युरोपात बहुतेक ठिकाणी सोळा वर्षांच्या मुलाला मोटारसायकल चालवायची असेल, तर कायदा त्याला १२५ सीसी आणि ११ किलोवॅट, म्हणजे साधारण १५ अश्वशक्ती, एवढीच मुभा देतो. अठराव्या वर्षी पुढचा परवाना मिळतो, त्याची मर्यादा ३५ किलोवॅट. जानेवारी २०१३ पासून ही चौकट सगळ्या युरोपीय संघात लागू झाली. केटीएमच्या १२५ आणि ३९० ड्यूक या गाड्या या दोन रेघा पुढ्यात ठेवूनच आखलेल्या आहेत. ‘३९०’चं पहिलं इंजिन ३७३ सीसीचं आणि ताकद ३२ किलोवॅट. इंजिन किती मोठं करायचं हे इंजिनिअर ठरवतो असं आपण समजतो. निम्मं तरी ते ब्रुसेल्समधल्या बाबूंनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

या गाड्या बनतात मात्र पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणला.

केटीएम ही मॅटिगहोफेन या ऑस्ट्रियातल्या छोट्या गावची कंपनी. हान्स ट्रुंकेनपोल्त्स यांनी १९३४ मध्ये तिथे दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं, मोटारसायकली १९५३ पासून बनू लागल्या. १९९१ मध्ये दिवाळं निघालं, पुढच्या वर्षी श्टेफान पीरर यांनी मोटारसायकलींचा धंदा उचलला आणि चिखल-वाळूच्या शर्यतींवर नाव कमावलं. २००१ ते २०१९ या काळात डकार रॅली सलग अठरा वेळा केटीएमनेच जिंकली. पण डकार जिंकणाऱ्याला सोळा वर्षांच्या पोराला परवडेल अशी गाडी बनवता येतेच असं नाही. ऑस्ट्रियातल्या मजुरीत छोट्या गाडीचा हिशेब बसेना. नोव्हेंबर २००७ मध्ये बजाज ऑटोने केटीएममध्ये १४.५ टक्के हिस्सा घेतला. तो वाढत वाढत पुढे जवळपास निम्म्यावर गेला. चाकणची १२५ ड्यूक २०११ मध्ये युरोपच्या दुकानांत पोहोचली. आपल्याकडे २०० ड्यूक आली जानेवारी २०१२ मध्ये, १ लाख १७ हजारांना.

फक्त मजुरी स्वस्त म्हणून काम इकडे आलं, हे स्पष्टीकरण मला कधीच पुरेसं वाटलेलं नाही. फिरंगोजी नरसाळ्यांच्या संग्रामदुर्गासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांचं मोठं जाळं उभं राहिलं आहे. ड्यूकच्या ब्रेकवर ‘बायब्रे’ लिहिलेलं असतं. तो इटलीच्या ब्रेम्बोचाच छोट्या गाड्यांसाठीचा ब्रँड आणि त्याचा कारखानाही चाकणलाच. एवढे पुरवठादार हाकेच्या अंतरावर असले की गाडीचा भाव आपोआप उतरतो.

खरा सौदा दिसतो तो इंजिन उघडल्यावर. २०० ड्यूक आणि त्याच वर्षी आलेली पल्सर २०० एनएस यांचा बोअर-स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव, एकच, ७२ बाय ४९ मिलिमीटर. इंजिनाचा खालचा भाग दोघींचा सख्ख्या बहिणींसारखा. फरक सगळा डोक्यात, म्हणजे सिलिंडरच्या हेडमध्ये. ड्यूकच्या हेडमध्ये झडपा उघडणारे दोन कॅम आणि पेट्रोलसाठी इंजेक्शन, पल्सरच्या हेडमध्ये एकच कॅम, तीन स्पार्क प्लग आणि साधा कार्ब्युरेटर. ताकदीत जेमतेम दीड अश्वशक्तीचं अंतर, पण पल्सर साधारण ८५ हजारांना मिळायची. ३९० ड्यूकच्या ८९ बाय ६० च्या मापावर बजाजने २०१६ मध्ये डॉमिनार ४०० बेतली. आधी एक कॅम दिला, २०१९ मध्ये दुसराही दिला. केटीएमला कारखाना मिळाला हे सगळे सांगतात. बजाजला हेड कसं बनवायचं ते कळलं, ही माझ्या मते त्याहून मोठी कमाई.

बजाजला हा धडा नवा नव्हता. व्हेस्पा स्कूटर बनवण्याचा परवाना १९७१ मध्ये सरकारने पुढे चालू दिला नाही, त्यानंतर चेतक आली. कावासाकीबरोबर वर्षानुवर्षं गाड्या बनवल्या आणि २००१ मध्ये स्वतःच्या नावावर पल्सर काढली. केटीएमच्या वेळी फरक एवढाच की शिकवणाऱ्याच्या घरातच हिस्सा घेऊन ठेवला.

हिस्सा चाकणच्या कामगारांनाही हवा होता. ३९० ड्यूक बाजारात आली त्याच सुमारास, जून २०१३ मध्ये, तिथे संप सुरू झाला. मागणी अशी की प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया भावाने द्यावेत. पगारवाढीसाठी संप आपण खूप पाहिले. मालकीत वाटा मागणारा असा संप क्वचितच. पन्नास दिवसांनी, ऑगस्टमध्ये, ती मागणी पदरात न पडताच तो मिटला. दहा लाखावी केटीएम जानेवारी २०२३ मध्ये चाकणच्या लाइनवरून उतरली, तेव्हा समारंभाला पीरर आणि राजीव बजाज दोघेही हजर होते.

बाकीच्यांनी हाच रस्ता धरला, प्रत्येकाने आपापल्या अटींवर. बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये टीव्हीएसशी करार केला आणि होसूरला जी ३१० आर बनू लागली. हिच्या इंजिनाचं डोकं चक्क उलटं, म्हणजे हवा पुढून आत आणि धूर मागून बाहेर. तेच इंजिन टीव्हीएसच्या अपाचे आरआर ३१० मध्येही बसलं. भारतातून गाशा गुंडाळलेल्या हार्लेने हिरोला परवाना दिला आणि २०२३ मध्ये एक्स ४४० आली. छोट्या गाडीसाठी दुसऱ्याचं दार ठोठावणं हार्लेला नवीन नाही. १९६० मध्येच तिने इटलीच्या एरमाकीत निम्मा हिस्सा घेतला होता. ट्रायम्फने मात्र बजाजला हिस्सा दिलाच नाही. आराखडा ट्रायम्फच्या हिंकलीचा, कारखाना चाकणचा, भागभांडवल वेगवेगळं. स्पीड ४०० जुलै २०२३ मध्ये २ लाख ३३ हजारांना आली, पहिल्या दहा हजार गिऱ्हाइकांना दहा हजारांनी स्वस्त. बजाज-केटीएमची गोष्ट पाहून हिंकलीकर सावध झाले असतील, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

युरोपच्या परवान्यासाठी कापलेलं हे चारशे सीसीच्या आसपासचं माप इकडे मात्र महागात पडू लागलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा, सेस धरून ३१ होता तो, ४० वर गेला. स्पीड ४०० चं इंजिन ३९८ सीसीचं. तिकडे ३५ किलोवॅटच्या परवान्यात सीसी कितीही असोत, किलोवॅट मोजतात. इकडे किलोवॅट कोणी विचारत नाही, सीसी मोजतात. एकच गाडी दोन्ही बाजारांत विकायची, हा या धंद्याचा सगळा पाया, आणि नेमका तोच आता कुरकुरतो आहे.

मॅटिगहोफेनमध्ये तोवर दुसरंच रामायण घडलं होतं. न विकलेल्या गाड्यांचे ढीग आणि कर्जाचा डोंगर घेऊन केटीएमने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. धनकोंनी ३० टक्क्यांवर तडजोड मान्य केली. त्यासाठी आणि कारखाना पुन्हा चालू करण्यासाठी पैसा उभा केला तो बजाजने, एकूण ८० कोटी युरोंचा. २०२५ संपण्याआधी कंपनीचा ताबाही बजाजकडे आला. मोठ्या केटीएम अजून तिकडेच बनवल्या जातात. त्यांतल्या किती तिकडे ठेवायच्या आणि किती इकडे आणायच्या, हा हिशेब आता बजाजच्या आकुर्डीच्या कचेरीत मांडला जाईल.