लिनक्स संगणक राउटर केव्हा बदलतो?

फणसवाडीतील एखाद्या लांब चाळीच्या दोन्ही टोकांस एकाच नावाचे राउटर बसविले, तरी संगणक पुष्कळदा दूरच्या, क्षीण राउटरलाच चिकटून राहतो. मग दोष राउटरवर येतो आणि तिसरा आणला जातो! वस्तुतः हे स्थलांतर करावे की नाही, हे प्रामुख्याने संगणकच ठरवितो. लिनक्समध्ये ते काम ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ या आज्ञावलीकडे असते. तिच्या फाइलीत त्या जाळ्याच्या नोंदीखाली ‘बीजीस्कॅन’ या ओळीत ३०, -६५ व ३०० हे आकडे दिल्यास, संकेतबल उणे ६५ डीबीएमखाली जाताच दर ३० सेकंदांनी, एरवी दर ३०० सेकंदांनी, त्याच नावाच्या सबळ राउटरचा शोध होतो. शोध अतिवारंवार ठेवणे मात्र इष्ट नव्हे. प्रत्येक शोधात रेडिओ आपली वाहिनी क्षणभर सोडतो व चालू संभाषण अडखळते. भिन्न नावांच्या जाळ्यांतील पसंती ‘प्रायॉरिटी’च्या अंकाने ठरते, मोठा अंक आधी.